हात न लावता उतरणारी बॅटरी

वीज मंडळातून निवृत्त झालेल्या माणसाकडे नातेवाईक ठरावीक तक्रारी घेऊन येतात. बिल जास्त आलं, पंखा हळू फिरतो, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. अलीकडे त्यात एक नवी भर पडली आहे: फोन नुसता पडून असतो, तरी बॅटरी संपते. फोन विजेवर चालतो, म्हणजे तो माझ्या खात्यातला, असा इंदूरच्या आमच्या गोतावळ्याचा सरळ हिशेब आहे. आणि खरं सांगायचं तर ही तक्रार मी नोकरीभर ऐकली आहे, फक्त तेव्हा ती मीटरबद्दल असायची.

चकतीच्या मीटरच्या काळात अशी तक्रार आली की पहिला उपाय ठरलेला. घरातले दिवे, पंखे, फ्रिज, सगळं बंद करायला लावायचं आणि मीटरसमोर उभं राहायचं. चकती थांबली तर मीटरही ठीक आणि वायरिंगही ठीक, घरच्यांचा वापरच जास्त. चकती हळूहळू का होईना फिरत राहिली, तर वीज कुठेतरी झिरपते आहे. मग एकेक कटआउट, म्हणजे त्या त्या लायनीचा फ्यूज, काढत जायचं. ज्याच्या काढण्याने चकती थांबली, घोटाळा त्या लायनीत. बहुतेक वेळा मोरीतली ओल धरलेली वायर निघायची. एकदोनदा मागच्या भाडेकरूचा हीटरही निघाला. यात हुशारी फारशी लागत नाही, दम लागतो. घरमालकाकडे तेवढाच नेमका नसतो. तो म्हणतो, मीटर बदला.

फोनचे मालक म्हणतात, बॅटरी बदला.

रामबागेतल्या माझ्या मावशीच्या फोनचं असंच झालं. मावशी ऐंशीच्या घरातली, घर तिच्या सासऱ्यांच्या वेळचं, आणि फोन पुण्याच्या नातवाने पाठवलेला, अजून नवाच म्हणावा असा. रात्री झोपताना नव्वद टक्के, सकाळी उठून बघावं तर पासष्ट. "मी तर हात पण नाही लावला रे त्याला," मावशी सांगत होती. "देवाजवळ ठेवला, आणि सकाळी बघते तर इतका खाली. कोणी आतून बघतं का रे माझ्या फोनमध्ये?" मावसभाऊ तिला रोज बजावत होता की तुझ्या त्या सुप्रभातच्या ग्रुपांनी बॅटरी खाल्ली. सूनबाईंचं मत होतं की चार्जर खराब आहे. चार्जर न लावलेल्या वेळात उतरणाऱ्या बॅटरीचा दोष चार्जरला कसा लागेल, हे मी त्यांना विचारलं नाही. सूनबाईंच्या हातचे पोहे समोर होते.

आधी हिशेब मांडू. बॅटरी 5000 मिलिअँपिअर-तासांची. रात्रीच्या 8 तासांत 25 टक्के गेले म्हणजे 1250. भागिले 8, म्हणजे दर क्षणी सरासरी दीडशेच्या वर मिलिअँपिअर. अशा बॅटरीचा दाब साधारण 3.85 व्होल्ट, तेव्हा शक्ती झाली 0.6 वॅट. ऐकायला काहीच नाही. आपण ज्याला झिरोचा बल्ब म्हणायचो तोसुद्धा दहा-पंधरा वॅट खायचा. आख्खा फोन वर्षभर रोज रिकामा करून भरला तरी बिलात दहाएक युनिटांची भर पडेल. पण झोपलेल्या फोनला 0.6 वॅट म्हणजे फार झालं. धडधाकट फोन पडद्याशिवाय पडून असेल तर तासाला एक टक्का किंवा त्याहून कमी उतरतो; रात्रभरात तीन-चार टक्के गेले तर तक्रारीला जागा नाही. आणि बॅटरी आपली आपण, कोणी काही न ओढता, महिन्याला जेमतेम काही टक्के उतरते. तेव्हा एका रात्रीत 25 टक्के गेले तर कोणीतरी ते ओढले आहेत.

कोणी, ते शोधायच्या आधी बॅटरीच्या आलेखाकडे बघायचं. जवळजवळ प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये तो असतो आणि जवळजवळ कोणीच तो उघडत नाही. रेघ जर तीस टक्क्यांपर्यंत नीट येऊन तिथून एकदम पाचवर कोसळत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली. टक्केवारी हा शेवटी फोनने बांधलेला अंदाज आहे आणि थकलेल्या बॅटरीबाबत तो अंदाज चुकतो. रेघ पायऱ्यापायऱ्यांनी उतरत असेल, तर कोणीतरी मधूनमधून जागं होऊन काहीतरी उरकतंय. आणि मावशीच्या फोनसारखी रेघ रात्रभर एकाच उताराने, पट्टी लावून काढल्यासारखी खाली येत असेल, तर काहीतरी अखंड चालू आहे.

मावसभाऊ तोवर फोन घेऊन जेल रोडला जाऊन आला होता. इंदुरात मोबाइलचं काही बिघडलं की पावलं तिकडेच वळतात. पहिल्या दुकानात फोन हातात घ्यायच्या आधीच निदान झालं: "बॅटरी गई भिया इसकी, नई डलवा लो." मी मावसभावाला म्हटलं, थांब, आपण एका जुन्या मिस्त्रीकडे जाऊ. हा माणूस जिन्याखालच्या जेमतेम टेबलभर जागेत बसतो आणि त्याच्याकडे एक डीसी पॉवर सप्लाय आहे, म्हणजे हवे तेवढे व्होल्ट देणारं आणि किती अँपिअर ओढले जातात ते दाखवणारं यंत्र. त्याने फोन बंद केला, मागचं झाकण उघडून बॅटरीची पट्टी सोडवली आणि बॅटरीच्या जागी सप्लायच्या दोन चिमट्यांनी बोर्डाला 4 व्होल्ट दिले. मग तो बघत बसला. फोन बंद असताना अँपिअरचा आकडा शून्यावरून हलला, तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे. पाणी गेलेल्या फोनांत हे पुष्कळदा सापडतं. हलला नाही, तर बोर्ड स्वच्छ. आकडा हलला नाही. त्याने फोन चालू केला, आकडा उड्या मारत वर गेला. पडदा बंद करून वाट पाहिली, तो खाली येऊन चिकटला. "बोर्ड साफ है, बॅटरी भी बढ़िया है. घर ले जाओ." पैसे विचारले तर चहा सांगितला.

माझी चकती बघायची पद्धत ह्या माणसाच्या टेबलावर जशीच्या तशी जिवंत होती, याचा आनंद मला चहापेक्षा जास्त झाला. पण एक गोष्ट मनात अडकून राहिली. दुकानात फोन ठीक झोपत होता. म्हणजे आजार होता तो फोनच्या पोटात नव्हता, रामबागेच्या घरात होता. जेल रोडवरचा कुठलाही मिस्त्री, कितीही प्रामाणिक असला तरी, तो बघू शकणार नव्हता. फोन पडून असताना बॅटरी उतरते त्या तक्रारीत बहुतेक वेळा हीच गोम असते. ती विशिष्ट घरात, विशिष्ट खोलीत, रात्री घडते, आणि आपण फोन दुपारी भर बाजारात नेऊन दाखवतो.

तेव्हा कटआउट काढायची जागा मावशीचं घरच. मावशीला एक वही दिली. झोपताना टक्के लिहायचे, उठल्यावर लिहायचे. तिने ते नामजपाच्या वहीतच लिहायला सुरुवात केली, त्यामुळे रामनामाच्या ओळींच्या मध्ये अधूनमधून "91 वरून 67" असे आकडे आहेत.

पहिला कटआउट फ्लाइट मोड. रात्री फ्लाइट मोड लावून फोन नेहमीच्याच जागी ठेवला. सकाळी दोन टक्के कमी. इथेच बॅटरी निर्दोष सुटली. बॅटरीत दोष असता तर तो फ्लाइट मोडनेही लपला नसता. पुढच्या रात्री फ्लाइट मोड तसाच, पण वायफाय चालू. आता व्हॉट्सॲप चालू, ग्रुप चालू, सगळी ॲपं पोटभर इंटरनेट पिऊ शकत होती. सकाळी चार टक्के कमी, आणि सुप्रभातच्या फुलांची चित्रं सगळी पोचलेली. मावशीने ते आकडे मावसभावाला दाखवले, चष्मा वर करून. त्याने विषय बदलला.

वायफाय असताना फोन शांत झोपतो आणि मोबाइल नेटवर्क चालू केलं की झोपत नाही, म्हणजे घोटाळा रेंजच्या लायनीत.

रेंजचा विचार आपण वरच्या चार दांड्यांवरून करतो. त्या दांड्या फसव्या असतात, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मर्जीने काढते. खरा आकडा सेटिंगमध्ये, फोनविषयीच्या पानावर सिमच्या स्थितीत मिळतो, डीबीएम या मापात. तो उणे असतो आणि शून्यापासून जितका लांब तितकी रेंज वाईट. हे लॉगरिदमचं माप आहे, दर दहाला दहापट. मावशीच्या गॅलरीत आकडा होता उणे 90. फोन हातात धरून मी आत चालत गेलो. पुढच्या खोलीत उणे 98. माजघराच्या दारात उणे 109. माजघरात देवघराशेजारच्या फळीवर, जिथे चार्जिंगचा पॉइंट आहे आणि म्हणून फोनचं कायमचं बिऱ्हाड, तिथे उणे 117. गॅलरी आणि देवघर यांत 27 चा फरक, म्हणजे सिग्नल सुमारे 500 पटींनी क्षीण. वीतभराहून जाड विटांच्या भिंती, वर नंतर घातलेला स्लॅब, आणि ज्या बाजूला पूर्वी पेरूचं झाड होतं तिथे आता चार मजली इमारत.

पडून असलेला फोन चांगल्या रेंजमध्ये नेटवर्कशी फारसं बोलत नाही. तो ऐकतो. साधारण सव्वा सेकंदाने क्षणभर कान उघडतो, आपल्या नावाची हाक आहे का बघतो आणि परत डोळे मिटतो. रेंज वाईट झाली की तो शेजारचे टॉवर चाचपायला लागतो, या टॉवरवरून त्या टॉवरवर जातो, परत येतो, कधी 5जी पकडतो, कधी सोडून 4जीवर येतो, आणि मधूनमधून स्वतः हाक मारून आपली हजेरी लावतो. दूरच्या टॉवरला ऐकू जायचं तर त्याला घसा ताणावा लागतो. 4जी फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅटने ओरडू शकतो, आणि एवढं बाहेर फेकायला आत त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. त्यात एखादं ॲप मोबाइल डेटावर काही आणायला गेलं, तर उणे 117 वर तेच तुकडे पुन्हा पुन्हा मागवावे लागतात. हे सगळं पडदा काळा असताना. बॅटरी कोणी किती खाल्ली याची जी यादी सेटिंगमध्ये असते, तिच्यात मावशीच्या फोनवर वरच "मोबाइल नेटवर्क" असं लिहिलेलं होतं. ती यादी ॲपांच्या नावांसाठी वाचली जाते, त्यामुळे हे नाव सगळे ओलांडून पुढे जातात.

तरीही 0.6 वॅट मला जास्त वाटत होते. उणे 117 वाईट, पण इतकं? मग दुसऱ्या सिमकडे लक्ष गेलं.

मावशीच्या फोनमध्ये दोन सिमं. एक रोजचं. दुसरं फार जुनं, तिच्या पहिल्या मोबाइलपासूनचं. त्यावर कोणी फोन करत नाही, पण बँकेत, आधारला, गॅसला तोच नंबर दिलेला आहे. अधूनमधून मावसभाऊ त्यात रिचार्ज टाकतो आणि ते जिवंत ठेवतो. त्या कंपनीची रेंज गॅलरीत बरी आहे, पण माजघरात मुळीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात पहिल्या सिमच्या दांड्यांशेजारी एक छोटी फुली होती आणि ती फोन आल्यापासून होती, म्हणून कोणाला दिसत नव्हती. रेंज मुळीच नसलेलं सिम कमी रेंजच्या सिमपेक्षा वाईट. त्याला धरायला काहीच नसतं, म्हणून ते रेडिओ लहरींचे एकामागून एक पट्टे धुंडाळत राहतं. थोडं थांबतं, परत सुरू होतं. मावशी रामनाम लिहीत असताना हे जेमतेम दोन हातांवर चालू होतं.

सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन ते दुसरं सिम बंद केलं. काढायची गरज नसते, एक बटण असतं. वहीत पुढची नोंद आली: 88 वरून 77. निम्म्याहून जास्त गळती थांबली. मग फोनचं बिऱ्हाड पुढच्या खोलीत हलवलं आणि पसंतीचं नेटवर्क 5जीवरून 4जीवर आणलं. मावशीला 5जी कशाला लागतं असं मी म्हणणार नाही, ती कीर्तनं भरपूर बघते, पण ती वायफायवर बघते. पुढची नोंद: 90 वरून 86.

जागा बदलायला ती सहज तयार झाली नाही. गॅलरीत ठेव म्हटलं तर पाऊस, चोर आणि खारी अशी तीन कारणं लगेच तयार होती. पुढच्या खोलीवर तडजोड झाली. पुण्याच्या नातवाने फोनवरून वेगळाच उपाय सुचवला होता: वायफाय कॉलिंग चालू कर आणि रात्री फ्लाइट मोड लाव, कॉल वायफायवरून येतील. चूक काही नाही. आपल्याकडे 2019-20 पासून ही सोय आहे आणि आतल्या खोल्यांत राहणाऱ्या लोकांनी ती जरूर वापरावी. पण वीज गेली की राउटर बंद, आणि राउटर बंद म्हणजे फ्लाइट मोडमधला फोन ठार मुका. एका टोकाच्या खोलीत झोपणाऱ्या ऐंशीच्या बाईच्या हातात रात्री असा फोन द्यायला माझं मन तयार होईना. वीज जाते हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? वायफाय कॉलिंग चालू ठेवलं, फ्लाइट मोड मात्र नाही.

या सगळ्या उपद्व्यापात मावशीच्या फोनमधून झाडूचं चित्र असलेलं एक ॲप काढून टाकलं, जे फोन "साफ" करतं म्हणे. आणि तिची एक सवय मोडायचा प्रयत्न केला. दिवसातून कितीतरी वेळा ती सगळी उघडी ॲपं बोटाने वर सरकवून घालवते. नातवानेच शिकवलं होतं. मागे राहिलेलं ॲप बहुतेक वेळा गोठून पडलेलं असतं, मेमरीत जागा धरून असतं पण वीज मागत नाही. ते घालवलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून उभं करावं लागतं आणि त्यालाच जास्त खर्च येतो. अडकलेलं, हट्टाला पेटलेलं एखादं ॲप घालवायला ही कृती ठीक आहे. मावशीला पटलं, पण तिचं बोट काही थांबत नाही. पसारा दिसला की आवरायचा, असा हात आहे तिचा.

ॲप दोषी नसतंच असं मात्र समजू नका. आमच्याच घरी, म्हणजे बायकोच्या फोनमध्ये, ते दोषी निघालं. तिथे रेंज उत्तम, सिम एक, पण आलेखात रात्रंदिवस पायऱ्या. यादीत वरच्या बाजूला एक पंचांगाचं ॲप. आता पंचांगाला रात्री काय काम? काम आहे. संकष्टीला चंद्रोदय कधी, हे गावावर ठरतं. इंदूर पुण्यापेक्षा सुमारे 2 अंश पूर्वेला आहे. नुसत्या रेखांशानेच 8 मिनिटांचा फरक पडतो, आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या छापील पंचांगात आपल्या वेळा नसतात, ही इथल्या मराठी घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रड आहे. उपास आठ मिनिटं आधी सुटतो म्हणजे काय गंमत नाही. तेव्हा ॲपने लोकेशन मागितलं तर ते वाजवी. पण त्याने मागितली होती "नेहमी"ची परवानगी आणि ती देऊन झाली होती. इंदूर काही रात्रीतून हलत नाही, तरी ते ॲप मधूनमधून उठून इंदूर कुठे आहे ते बघून येत होतं, आणि त्याबरोबर जाहिरातीही आणत होतं.

अँड्रॉइडने असल्या ॲपांना वेसण घालायचं काम 2015 मध्ये सुरू केलं. त्या वर्षीच्या सहाव्या आवृत्तीपासून फोन चार्जरवर नसेल, स्थिर पडला असेल आणि पडदा बंद असेल, तर काही वेळाने तो गाढ झोपेत जातो आणि ॲपांना ठरावीक अंतराने थोडा वेळच काम करू देतो. 2018 च्या नवव्या आवृत्तीत ॲपांची प्रतवारी आली. जे ॲप तुम्ही क्वचित उघडता त्याला क्वचितच जागं होऊ दिलं जातं. यातली खोच अशी की रोज सकाळी उघडलं जाणारं पंचांग वरच्या प्रतीत बसतं आणि त्याला मोकळीक जास्त मिळते. दहाव्या आवृत्तीत, 2019 मध्ये, लोकेशनसाठी "फक्त ॲप वापरताना" असा पर्याय आला. बायकोच्या फोनमध्ये तेवढं एक बदललं, आणि ॲपच्या बॅटरीच्या पानावर "निर्बंध नाहीत" होतं ते साधं केलं. चंद्रोदय अजून बरोबर दाखवतं. जाता जाता लोकेशनच्या पानावर वायफाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग अशी दोन बटणं सापडली. वरून वायफाय बंद केलेलं असलं तरी ती आतून चालू राहतात, जागा शोधायला मदत म्हणून. ती बंद केली.

ॲप नक्की कोणतं ते यादीतून कळलं नाही, तर सेफ मोड. फोन अशा रीतीने सुरू करायचा की बाहेरून टाकलेलं एकही ॲप चालणार नाही. ते कसं करायचं हे कंपनीगणिक वेगळं असतं. सेफ मोडमध्ये रात्र शांत गेली, तर चोर तुम्ही टाकलेल्या ॲपांतला. मग शेवटी टाकलेल्यापासून उलटं काढत यायचं. नुकतंच मोठं अपडेट आलं असेल तर मात्र यातलं काही करू नका. फोन पुढचे दोन दिवस फोटोंची छाननी वगैरे करत असतो, बॅटरी खातो आणि मग आपोआप थांबतो. गूगलच्या सेवांचं नाव यादीत वर दिसलं म्हणूनही घाबरू नका. दुसऱ्यांची कामं त्यांच्या खात्यावर लिहिली जातात. एखाद्या जुन्या ईमेल खात्याचा पासवर्ड बदललेला आणि फोन तोच जुना पासवर्ड घेऊन सतत दार ठोठावतोय, असला प्रकार या नावाआड दडलेला असू शकतो.

आणि कधीकधी बॅटरी खरंच म्हातारी असते. लिथियम-आयन बॅटऱ्या 1991 मध्ये सोनीने बाजारात आणल्या; 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते. हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, त्यांची चार्जिंग कशी टिकली." अशा बॅटरीची सर्वांत मोठी शत्रू उष्णता. इंदुरात मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो आणि लोक फोन स्कूटरच्या डिकीत ठेवून सराफ्यात फिरतात, नाहीतर उन्हात तापलेल्या गाडीत शंभर टक्के होईपर्यंत चार्जिंगला लावतात. भरलेली बॅटरी आणि ऊन यांची सांगड सर्वांत वाईट. काही शे चार्जिंगनंतर क्षमता घटून 80 टक्क्यांवर येते. तेव्हा 5000 ची बॅटरी 4000 ची झालेली असते, पण फोन शंभरच दाखवतो. तेवढीच वीज ओढली तरी टक्के सव्वापटीने जास्त गेलेले दिसतात, आणि फोन काहीतरी नवीन खायला लागला असं वाटतं. अशा वेळी जेल रोडला जाऊन बॅटरी खुशाल बदला. फोनचं मागचं झाकण फुगून उचललं गेलं असेल, तर सगळे प्रयोग सोडून आजच जा, आणि तोवर तो चार्जिंगला लावू नका.

राहिला मावशीचा दुसरा नंबर. तो बंद ठेवून चालणार नव्हतं, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. माजघरात तो तसाही येत नव्हता. गेल्या खेपेला ओटीपीसाठी मावशी फोन घेऊन गॅलरीत उभी राहिली होती, असं नंतर कळलं. शेवटी कपाटातून तिचा जुना बटणांचा फोन काढला. बॅटरी फुगलेली नव्हती, चार्ज झाली. त्या कंपनीचं 2जी अजून चालू आहे, म्हणून सिम त्यात चाललं. तो फोन आता गॅलरीच्या आतल्या बाजूच्या कोनाड्यात असतो, रेंज भरपूर, आणि आठवड्यात एकदा चार्ज केला तरी पुरतो. चोरांबद्दल मावशीचं म्हणणं असं की हा फोन कोणी नेणार नाही.

नंबर एकच करून टाकावा म्हणून बँकेत अर्जही दिला आहे. तो परत आला. मावशीची सही पूर्वीच्या सहीशी जुळत नाही म्हणतात. पूर्वीची सही तिने शाळेत मास्तरीण असताना केलेली, ठसठशीत. आता हात कापतो. समोरच्या मुलाने नवी सही नोंदवायचा वेगळा फॉर्म दिला, तो भरला, फोटो चिकटवले. त्या फॉर्मवर पडताळणीसाठी ओटीपी येणार होता, आणि तो येणार होता कोनाड्यातल्या फोनवर. मावसभाऊ तो आणायला घरी गेला तोवर त्याची मुदत संपली. सोमवारी परत जायचं आहे, या वेळी दोन्ही फोन पिशवीत घालून.